बलस्थान कीं कृपादान?

स्वतःचा शोध घेण्याची मोठी हौस अलीकडे तरुणांत उत्पन्न झाली आहे. ही हौस वाईट नव्हे. महाविद्यालयांत त्यासाठीं प्रश्नावल्या वाटतात. शेंपन्नास प्रश्नांस उत्तरें लिहिलीं कीं, तुमचीं बलस्थानें अमुक अमुक, असा निकाल हातीं येतो. हें वारें ख्रिस्ती मंडळ्यांतहि शिरलें असून तरुणांच्या शिबिरांत आत्मिक दानें शोधण्याचे तसेच कागद भरून घेतले जातात. आम्ही जन्मानें ख्रिस्ती आणि व्यवसायानें इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. तेव्हां दोन्हीं ठिकाणचीं मुलें आपापले कागद घेऊन आमच्याकडे येतात. ज्याच्या कागदावर 'नेतृत्व' उमटलें तो प्रसन्न असतो. ज्याच्या कागदावर कांहींच ठळक उमटलें नाहीं, तो आपणांत कांहीं नाहींच असें समजून चुकतो. ही समजूत ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशीं विसंगत आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून हे चार शब्द.

प्रथम शब्दांकडेच पाहूं. 'बलस्थान' म्हणतांच जें आपल्या मालकीचें आणि ज्याच्या जोरावर इतरांवर मात करावयाची, असें कांहीं डोळ्यांपुढें उभें राहतें. मराठी पवित्र शास्त्रांत याच जागीं 'कृपादान' हा शब्द आला आहे. दान म्हटलें कीं दाता आला. आणि तें हातीं पडलें कीं पुढें कोणाच्या उपयोगीं आणावयाचें, हा प्रश्नहि आला. ग्रीक भाषेंत 'खारिस' म्हणजे कृपा, आणि तिजपासूनच 'खारिस्मा' हा शब्द निघाला. तोच इंग्रजींत जाऊन आज लोकांवर छाप पाडणारें व्यक्तितेज, एवढ्याच अर्थानें सामान्यतः वापरला जातो!

'टॅलंट' या शब्दाची कथाहि ऐकण्यासारखी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत २५ व्या अध्यायांत एक दृष्टांत आहे. परदेशीं जाणारा धनी आपल्या तीन चाकरांच्या हातीं पांच, दोन व एक टॅलंट सोंपवितो. टॅलंट हें मूळचें वजन. बुद्धीची देणगी हा अर्थ इंग्रजीस या दृष्टांतामुळें मिळाला. एक टॅलंट चांदी म्हणजे सुमारें ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्यास एकच टॅलंट मिळाला, त्याच्याहि पदरीं जवळजवळ वीस वर्षांच्या श्रमांचें मोल पडलें होतें! त्यानें तें जमिनींत पुरलें तें थोडें होतें म्हणून नव्हे, तर धनी कठोर आहे अशा भीतीनें. दात्याविषयींची समजूत बिघडली कीं स्वतःविषयींचीहि बिघडते, असा आम्ही या दृष्टांताचा अर्थ लावतों.

पौलानें इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीस पत्र लिहिलें, तेव्हां तेथें कृपादानांवरूनच चढाओढ लागली होती. त्यानें शरीराची उपमा योजिली आणि दानांची यादी करतांना चमत्कारांच्या पंक्तीस साहाय्य करणें यासहि बसविलें. आजारी शेजारणीस पेज नेऊन देणारी बाई आपल्या या कृतीस बलस्थान म्हणणार नाहीं. पौलाच्या यादींत मात्र तिला जागा आहे. शिवाय, डोळा सर्व जग पाहतो, परंतु स्वतःस पाहूं शकत नाहीं. तो कशासाठीं आहे हें उरलेल्या शरीराच्या गरजेवरूनच ठरतें.

याचें उदाहरण शोधावयास महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला. कवि ते आधींपासून होतेच; परंतु मराठी उपासनेंत आज ज्यांचीं भजनें गाइलीं जातात ते टिळक त्यानंतर घडले. धर्म बदलला म्हणून तुकोबांस त्यांनीं सोडलें नाहीं. त्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों असें ते मानीत. या धर्मांतराची किंमत लहान नव्हती. संसाराचीं दोन शकलें झालीं, आणि तिचा मोठा वांटा लक्ष्मीबाईंनीं भरला. पुढें सुमारें पांच वर्षांनीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. पण तो केवळ पतीच्या मागोमाग जाण्यासाठीं नव्हे. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं त्यापूर्वींच स्वतःच्या मनाशीं सोडविला होता.

शाळेंत जाऊन शिकण्याचा योग लक्ष्मीबाईंस आला नाहीं. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून पुस्तकरूपानें निघूं लागलीं, तेव्हां त्यांचें वय पासष्टीपलीकडे गेलें होतें. आपण लेखिका आहों हें तरुण लक्ष्मीबाईंस कोणत्या प्रश्नावलीनें सांगितलें असतें? त्या पतीच्या आठवणी सांगावयास बसल्या, आणि त्या सांगतां सांगतां स्वतः वाचकांस सांपडल्या. १९१९ मध्यें टिळक निवर्तले तेव्हां अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' हें काव्यहि त्यांनींच पुढें नेलें.

"ख्रिस्ती असून तुमचें मराठी इतकें चांगलें कसें?" असें आम्हांस आजवर अनेकांनीं कौतुकानें विचारलें आहे. फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्यें छापलें गेलें, एवढेंच आम्ही सांगतों. आमचें मराठीपण आणि आमचें ख्रिस्तीपण हीं एकमेकांस खाणारीं नाहींत. दोन्हीं मिळालेलीं आहेत; आम्हीं कमावलेलीं नाहींत.

यावर कोणी म्हणेल, मनुष्यानें आपलें सामर्थ्य ओळखूंच नये काय? अवश्य ओळखावें. परंतु सामर्थ्य म्हणजेच आपण, असें मानणें धोक्याचें आहे. आमच्या मातोश्री जवळजवळ चाळीस वर्षें शिक्षिका होत्या. शब्बाथशाळेंतील दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. अखेरच्या चार वर्षांत त्यांची स्मृति गेली. प्रथम मुलांचीं नांवें गेलीं, मग पाठ असलेलीं गाणीं, शेवटीं स्वतःचें नांवहि. बलस्थानें हीच जर मनुष्याची ओळख, तर त्या खाटेवर कोणीच उरलें नव्हतें. परंतु दर महिन्यास पाळकसाहेब येत, त्यांचें संपूर्ण नांव उच्चारीत आणि त्यांस प्रभुभोजन देत. मातोश्री त्यांस ओळखीत नसत. ते मातोश्रींस ओळखीत. देव आपणांस आधींच ओळखतो, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों होतों. त्याचा अर्थ त्या खोलींत कळला.

त्याच खोलींत मंडळींतील एक अबोल मुलगी त्यांची वेणी घालावयास येई. अभ्यासांत ती नेहमीं मागें असे आणि आपल्या अंगीं कांहीं नाहीं असेंच तिला वाटे. मातोश्री दुसऱ्या कोणास केसांस हात लावूं देत नसत. तिला मात्र देत. आपला हात हळुवार आहे हें तिला तेथें कळलें. आज ती परिचारिका आहे. ज्यांच्यापाशीं देण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें, त्यांच्या पायीं एका मुलीस तिचें दान सांपडलें, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, प्रश्नावली खुशाल भरावी; तिनें कांहीं गुण कळले तर आनंदच आहे. मात्र शेवटीं एक प्रश्न आपण होऊन जोडावा: आपल्या शेजारीं आज कोणास काय हवें आहे? त्याचें उत्तर कागदावर लिहून भागत नाहीं. उठून त्या घरीं जावें लागतें. आपणांस काय मिळालें आहे तें बहुधा तेथें गेल्यावरच कळतें.