उलांडी

बोटीवर चढण्याआधी चपला काढून धक्क्यावरच्या टोपलीत टाकायच्या होत्या. सूनबाईला ते जरा विचित्र वाटलं, मला एकदम घरचं. माझे आजोबा होडीत पायताण घालून कुणाला येऊ देत नसत. "देवळात जातंस तसो होडयेत ये," म्हणायचे.

हे आदामास, मीलोस बेटाचं बंदर. ऑगस्ट अखेरची सकाळ, साडेनऊ वाजलेले. मीलोस हे ग्रीसच्या सायक्लेड्स बेटांतलं पश्चिमेकडचं बेट. ज्वालामुखीतून वर आलेलं, घोड्याच्या नालासारखं वाकलेलं, आणि त्या नालाच्या पोटात आदामासची खाडी. रॉटरडॅमला असणाऱ्या मुलाने आम्हा सात जणांसाठी दिवसभराची अख्खी कॅटमरान ठरवली होती. "अख्खी?" मी विचारलं. "अख्खी," तो म्हणाला. पैसे किती ते त्याने सांगितलं नाही, आणि चौतीस वर्षं बँकेत काढूनही मी विचारलं नाही. मालवणात आमच्याकडे रापण ओढायला तीस-चाळीस माणसं लागत. जाळं वर आलं की मासळीचे वाटे पडत. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. समुद्र एका घरापुरता भाड्याने मिळतो, हे आजोबांना पटवणं अवघड गेलं असतं.

बायकोने चढण्याआधीच सगळ्यांच्या हातावर आवळासुपारी ठेवली. तिचं माहेर रेवसकडचं. १७ जुलै १९४७ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या घटनेनंतर कितीतरी वर्षांनी ही जन्मली, पण तिच्या आईने ती बोट लेकीच्या मनात कायमची बुडवून ठेवली होती. पाऊल टाकण्याआधी तिने मला हळूच विचारलं, "अहो, ही कलंडत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "हिला उलांडी आहे. खरं तर दोन्हीकडून उलांडीच आहे."

उलांडी हा शब्द घाटावरच्या वाचकाला सांगावा लागेल. आमच्या किनाऱ्यावरची लहान होडी इतकी अरुंद असते की एकटी पाण्यात धड उभी राहणार नाही. म्हणून तिच्या एका अंगाने दोन आडव्या दांड्या बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकांना एक हलका, निमुळता ओंडका बांधतात. तो पाण्यावर तरंगत होडीच्या सोबतीने जातो. त्याला सुकाणू नाही, शीड नाही, त्यात कुणी बसत नाही. होडीला त्या बाजूला झुकायचं असेल तर आधी ओंडक्याला पाण्यात दाबावं लागतं, आणि दुसरीकडे झुकायचं तर त्याला वर उचलावं लागतं. दोन्हीही सहज होत नाही. एवढंच त्याचं काम.

मी दहा वर्षांचा असताना एकदा दांडीवरून चालत उलांडीपर्यंत गेलो. समुद्र शांत होता, होडी उथळ पाण्यात होती, आणि सोबतची पोरं किनाऱ्यावरून बघत होती. आजोबांनी मला परत येऊ दिलं, होडीत नीट बसू दिलं, आणि मग कानाखाली वाजवली. "उलांडयेर पाय ठेवू नको," एवढंच म्हणाले. दरवर्षी पावसाळा संपला की तेच ती बांधायचे. काथ्याची दोरी आधी भिजवायची, मग ओंडक्याला पाय लावून, अंग मागे टाकून ओढायची. खिळा एकही नाही. खिळा मारला तर लाट आल्यावर लाकूड फुटतं, दोरी मात्र जरा सैल होते आणि परत सावरते, असं त्यांचं म्हणणं होतं.

आजोबा गेल्यावर होडी विकली. घेणाऱ्याकडे स्वतःची उलांडी होती, म्हणून आमची मागेच राहिली. अंगणात माडाखाली ती पुष्कळ वर्षं पडून होती. आई तिच्यावर बसून शेंगा सोलायची. पुढे वाळवी लागली.

खाडीतून बाहेर पडताना डाव्या हाताला डोंगर आणि उजवीकडे पाण्याच्या कडेला क्लिमा गाव दिसतं. एका ओळीत घरं, प्रत्येकाचं दार वेगळ्या रंगाचं. तळमजल्यात बोट राहते, वर माणूस. या बोटघरांना 'सीर्माता' म्हणतात. ओढणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आलेला शब्द, कारण हिवाळ्यात बोटी ओढून आत घेतात. आम्ही पावसाळ्यात होड्या ओढून वर माडाचे झाप टाकायचो. त्यांची दारं फार देखणी आहेत, हे मान्य केलंच पाहिजे. आमच्या झापांचा फोटो काढायला कुणी आलं नव्हतं.

आमचा तांडेल (त्याला स्किपर म्हणतात, पण मला तांडेलच म्हणावंसं वाटतं) चाळिशीचा, उन्हाने रापलेला, बोलका माणूस होता. मी बोटीची लांबी-रुंदी विचारली. लांबी ४५ फूट, रुंदी पंचवीसच्या आसपास. माझ्या चौकशीने खूश होऊन तो म्हणाला, "कातामारान! बघा, 'काता' आमचाच शब्द. कॅटलॉग, कॅटॅस्ट्रॉफी, कथीड्रल, सगळं इथूनच गेलं."

मुलगा माझ्याकडे बघून हसला. आता बाबा चेन्नईला पोचणार, हे त्याला ठाऊक होतं.

मी १९९१ ते ९४ मद्रासला होतो. तेव्हा ते मद्रासच होतं. पहाटे मरीना किनाऱ्यावर फिरायला जायचो. पहिल्याच आठवड्यात नोच्चिकुप्पमच्या कोळीवाड्याजवळ एक बोट वाळूवर आली आणि माझ्या डोळ्यांदेखत मोडली. म्हणजे मला तसं वाटलं. दोघांनी दोर सोडले, चार-पाच ओंडके सुटे झाले, आणि त्यांनी ते खांद्यावरून नेऊन उन्हात लांब लांब ठेवले. मी धावत मदतीला गेलो. एक म्हातारा हसला, ओंडक्यावर थाप मारून दाखवली, पाणी पिल्याची खूण केली आणि वर सूर्याकडे बोट दाखवलं. लाकूड पाणी पितं, जड होतं, म्हणून रोज सोडायचं, वाळवायचं, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा बांधायचं. त्याचं नाव कट्टुमरम. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड किंवा लाकूड. बांधलेलं लाकूड. ओंडक्यांच्या फटींतून पाणी खालून वर येतं आणि परत खाली जातं. बुडायला आत पोकळीच नाही, तर भरणार काय?

हाच शब्द इंग्रज खलाशांनी उचलला आणि पुढे भलत्याच बोटीला लावला. पॅसिफिकच्या बेटांवर दोन होड्या शेजारी जोडून केलेली जहाजं त्यांनी पाहिली, त्यांनाही कॅटमरानच म्हटलं. १८७६ साली नॅथनिएल हेरेशॉफ या अमेरिकन बोटकाराने 'अमॅरिलिस' नावाची दोन अंगांची शिडाची बोट न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. ती इतकी पुढे निघून गेली की तसल्या बोटींना शर्यतीतूनच बाद केलं गेलं. नाव कोरोमंडलचं, घाट पॅसिफिकचा, पाडाव अमेरिकेत. मद्रासच्या मूळ कट्टुमरमला दोन अंगं कधीच नव्हती. २००४च्या डिसेंबरमधल्या त्सुनामीनंतर तिथे मदतीतून फायबरच्या होड्या आल्या. काही वर्षांनी मी पुन्हा मरीनावर गेलो तेव्हा लाकडी ओंडके शोधावे लागले.

तांडेलाने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्याने खात्री करायला फोन काढला. डोंगराआड रेंज नव्हती.

मधे एकदा मीही कॅटमरानने प्रवास केला होता, पण तो सांगण्यासारखा नाही. नव्वदच्या दशकात मुंबईहून पणजीला कॅटमरान जायची, काही तासांत पोचायची. कोकणच्या जुन्या बोटींत रात्र काढलेल्या माझ्यासारख्याला तिचं मोठं अप्रूप. बंद काचा, वातानुकूलित हवा, विमानासारख्या खुर्च्या, आणि समोर पडद्यावर हिंदी सिनेमा. रत्नागिरी मागे पडायच्या आत मला बोट लागली. समुद्र दिसत होता पण अंगाला लागत नव्हता, त्यामुळे असेल. त्या दिवशी आवळासुपारी संपूनही भागलं नाही.

इथे मात्र वारा होता. उन्हाळाभर एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' वाहतो, कोरडा, निरभ्र आकाशातला. आपल्याकडे जोराचा वारा आला की मागून ढग येतात. इथे वारा शिट्या घालतो आणि वर निळं छत जसंच्या तसं. तो उत्तरेचा, म्हणून बोटी बेटाच्या दक्षिण कुशीत आसरा घेतात. पश्चिमेच्या कड्यांखालून जाताना तांडेलाने थोडा वेळ शीड उभारलं, इंजिन बंद केलं. दोन अंगांच्या मधून जाणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा राहिला. फोटो झाले, तशी इंजिनं पुन्हा सुरू झाली. अशा सहलींत शीड बहुधा एवढंच वापरतात. मला त्याचं वाईट वाटलं, पण संध्याकाळच्या आत परत पोचवायचं असेल तर त्यालाही इलाज नाही.

सीकिया गुहेचं छत कधीतरी कोसळलंय. आत लहान रबरी होडीने गेलो तर वरच्या भगदाडातून ऊन थेट पाण्यात उतरलेलं. तिथून पुढे क्लेफ्तिको. पांढरे कडे, कमानी, आत शिरणाऱ्या गुहा, आणि पाणी असं की नांगराची साखळी तळापर्यंत मोजता यावी. नावातच चोर आहे. चाचे इथे दडून बसत. जमिनीवरून यायचं तर लांबची पायपीट, म्हणून बहुतेक लोक पाण्यातूनच येतात. मी पाण्यात उडी मारली. थंडीने छाती आवळली. सहासष्टाव्या वर्षी हे शहाणपणाचं नव्हतं, पण मुलीने वरून मोबाईल धरला होता.

जेवणात सॅलड, भाजलेलं मांस आणि मीलोसची खासियत म्हणून कलिंगडाचा गोड केक. बायकोने केकचे दोन तुकडे घेतले. तांदळाच्या रव्याच्या धोंडसाची आठवण झाली, म्हणाली. धोंडस काकडीचं, हे कलिंगडाचं, एवढाच काय तो फरक.

तांडेलाच्या नकाशाच्या खणात एक काळा, काचेसारखा दगड होता. नातवाच्या हातावर ठेवून म्हणाला, धार बघ. ऑब्सिडियन, ज्वालामुखीची काच. लोखंड नव्हतं तेव्हा सुऱ्या याच्या. या बेटावर व्हीनसची मूर्ती १८२० साली एका शेतकऱ्याला सापडली, ती पॅरिसला गेली आणि इथल्या संग्रहालयात तिची प्लास्टरची नक्कल उरली. सगळे तिच्याबद्दल विचारतात. मला दगडाचं जास्त वाटलं. मुख्य भूमीवर, पेलोपोनीजमधल्या फ्रांख्थी गुहेत मीलोसचा हा दगड सापडला आहे, तोही माणूस शेती करू लागण्याच्या आधीच्या थरांत. म्हणजे दहा हजार वर्षांहून आधी कुणीतरी खुल्या समुद्रातून इथे आलं, दगड घेतला आणि परत गेलं.

"कशातून?" मी विचारलं.

ती बोट कुणालाच सापडलेली नाही, तो म्हणाला. पण १९८८ साली काही ग्रीक लोकांनी एक प्रयोग केला. पाणगवताच्या पेंढ्या दोरीने बांधून होडी केली, तिला 'पापिरेला' म्हटलं, आणि मुख्य भूमीवरच्या लाव्रियोहून बेटाबेटांच्या आडोशाने वल्ही मारत ती मीलोसला आणली. लोखंड नाही, खिळा नाही.

हे सांगता सांगता तो थांबला. मग माझ्याकडे बघून हसला आणि माझ्या पेल्यात उझो ओतला. "कट्टु," म्हणाला. उच्चार अगदी बरोबर.

परतीला मेल्तेमी तोंडावर आला. इथे कॅटमरानची खोट दिसते. दोन अंगांच्या मधे लाट शिरते आणि डेकला खालून धाडकन थाप बसते, जणू कुणी खालून दार ठोठावतंय. पेले हलले, सांडले नाहीत. बायकोने डोळे मिटले, पण ओरडली नाही. बोट थरथरली, कललीच नाही.

पुढच्या बाजूला दोन्ही अंगांच्या मधे जाळी ताणलेली असते. तिच्यावर पालथं पडलं की नाकाखालून समुद्र धावतो. सकाळपासून नातू तिथेच. मीही गेलो, आडवा झालो, आणि मग लक्षात आलं की आपण नेमकं कुठे पडलोय. होडी आणि उलांडी यांच्या मधे. दांडीच्या जागी. कानाखालची ती जागा अजून ओळखीची आहे.

जाळीची एक कड सैल होती. काठावरच्या आकड्यांतून ओवलेली पातळ दोरी झिजून एका ठिकाणी निसटली होती. बाकी सगळी बोट फायबरची, ओतलेली, एकसंध. या नखशिखांत गुळगुळीत वस्तूत बांधलेलं असं काही असेल तर ही जाळीच. तांडेल सुकाणू मदतनिसाकडे देऊन नवी दोरी घेऊन आला, ओवू लागला, पण लाटेच्या हेलकाव्यात एका हाताने ओढणं त्याला जमेना.

मी उठून बसलो. दोरीचं टोक मागितलं. नातवाला म्हटलं, बाजूला हो. दोरी समुद्राच्या पाण्यात बुडवून घेतली, पाय काठाला लावला आणि अंग मागे टाकलं.

"आजोबा, दोरी कशाला भिजवली?" नातवाने विचारलं.

नायलॉनला त्याची गरज नसते, हे मला ठाऊक होतं. मी ओढत राहिलो.