फौजदार

फौजदार उशिरा उठायचा. टाकीवरचा दिवा लागेपर्यंत तो अनुबियासच्या रुंद पानावर कुशीवर पडून असे. इतका निश्चल, की आईने सुरुवातीला एकदोनदा ‘गेला गं तुझा मासा’ म्हणून मला झोपेतून उठवलं. दिवा लागला की आधी एक डोळा फिरे, मग स्वारी सावकाश वर येऊन हवेचा घोट घेई आणि चारही काचांवरून गस्त सुरू होई. नाव त्यावरूनच पडलं. निळं अंग, लाल झालरी, स्वभाव संशयी.

तो येण्याआधी आमच्याकडे नुसती टाकी होती. भावाने घर बदलताना ती माझ्या गळ्यात मारली. १२ इंच लांब, ८ रुंद, १० उंच. हिशेबाने १५-१६ लिटर. पण वाळू, दगड आणि वरची दोन बोटं मोकळी जागा वजा जाता पाणी जेमतेम १२ लिटर. एवढीशी टाकी म्हणजे सोपं काम, असं घरात सगळ्यांना वाटलं. शेजारच्या वहिनींनी गोल्डफिश सुचवले, भाच्याला एंजल हवे होते. कुर्ल्याच्या मासेबाजारातल्या एका दुकानदाराने तर यादीच दिली: चार गोल्डफिश, दोन मॉली आणि काच चाटायला एक सकर.

ती यादी ऐकून नानामामांनी चष्मा काढून पुसला. मामांची सगळी नोकरी फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये गेली आणि चाळीच्या गॅलरीत त्यांनी वर्षानुवर्षं मासे सांभाळले. म्हणाले, “मासा केवढा आहे ते दुकानदाराला विचार. मोठेपणी केवढा होणार आणि दिवसभर करतो काय, ते मला विचार.”

मग एकेक नाव खोडलं गेलं. गोल्डफिश दुकानात दोन इंचांचा दिसतो. नीट जगला तर वीतभर होतो, दहा वर्षं सहज काढतो आणि खातो तेवढीच घाण करतो. सकर फूटभर वाढतो, मग लोक त्याला गुपचूप तळ्यात सोडून येतात; आंध्र-बंगालमधल्या मच्छीमारांच्या जाळ्यात आज तो नको तितका येतो. मला झेब्रा पटत होता. आपल्याच देशातला, दीड इंचाचा, काटक. मामांनी तोही खोडला. झेब्रा टोळीने राहतो आणि दिवसभर धावतो. फूटभर टाकीत त्याने वेग घेईपर्यंत काच येते. राहिले गप्पी, डासांच्या अळ्या खाण्यासाठी नगरपालिका विहिरी-हौदांत सोडतात ते. गप्पीची मादी साधारण महिन्याला एकदा विते, आणि एकदा नराचा संग झाला की पुढे कित्येक महिने तिला नर लागत नाही. “दिवाळीपर्यंत शंभर होतील. मग फराळाबरोबर वाटत फिर,” मामा म्हणाले.

बारा लिटरमध्ये सडलेले चार दाणेही महागात पडतात. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्यामानाने निरुपद्रवी असं नायट्रेट. पण ते जीवाणू बसायला महिना-सव्वा महिना जातो. मोठ्या टाकीत विष पातळ होतं, डोळे उघडायला वेळ मिळतो. आमच्या टाकीला एक रात्र पुरली असती. म्हणून मामांनी टाकी माशाविना चालवायला लावली. स्पंज फिल्टरची मंद बुडबुड, जावा मॉसचे झुपके आणि रोज चिमूटभर खाद्य, जे खायला कोणीच नव्हतं. आई त्याला ‘पाण्याचं श्राद्ध’ म्हणे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला मामांनी हायपोचे खडे आणून दिले. फोटो पक्के करायला ज्यात आयुष्यभर हात घातले, तेच रसायन माशांच्या दुकानातही मिळतं याचा त्यांना मोठा आनंद होता.

शेवटी उरला फायटर, म्हणजे आमचा फौजदार. तो मामांना मान्य होता, पण दुकानदारांचं कारण मान्य नव्हतं. दुकानात फायटर एकेका बाटलीत, मध्ये पुठ्ठे लावून मांडतात आणि ‘याला काही लागत नाही’ म्हणून विकतात. लगेच मरत नाही हे खरं. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याने तो थेट हवा घेतो. थायलंडच्या भातखाचरांत, झाडोऱ्याच्या उथळ पाण्यात त्याचा उपयोग होतो. (त्या देशाने २०१९ साली या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.) पण श्वास वरून मिळाला म्हणून अमोनियाने कल्ले जळायचे थांबत नाहीत. बाटलीत तो नुसता तगतो. आमच्या टाकीत त्याला बरं वाटेल असं मामांना वाटलं, कारण नराला दुसरा नर खपत नाही, लांब झालरींमुळे धावता येत नाही आणि जोराचा प्रवाह नको असतो.

त्याच्या आधी चेरी श्रिम्प आल्या, मूळच्या तैवानकडच्या पाऊण इंची लाल कोळंब्या, आणि चार चपट्या गोगलगाई. आई मालवणची. तिने काचेला नाक लावून विचारलं, “हा जवळा सुकवायचा कधी?” फौजदारालाही तोच प्रश्न पडलेला असावा. मोठ्या कोळंब्यांना तो डोळे वटारून सोडून देई. पिल्लं मात्र मॉसमध्ये लपली तरच वाचत.

आमच्या सोसायटीच्या आवारात देशी बदामाची तीन झाडं आहेत. त्यांची वाळलेली पानं दुकानात पाकिटातून विकतात हे कळल्यापासून आईने झाडूवाल्या मावशींना चांगली पानं बाजूला ठेवायला सांगितलं. धुऊन एक पान टाकलं की पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होई. कोळंब्या ते कुरतडत आणि फौजदार त्याच्याखाली बुडबुड्यांचं घरटं बांधी. मादी त्याने कधी पाहिली नाही, तरी घरटं चुकत नसे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलताना ते मोडायचं. “त्याचं घर मोडू नकोस गं,” आई म्हणायची. मी पाणी बदलायचेच. तो संध्याकाळपर्यंत नवं रचायचा. गुरुवारी त्याला उपास असे; एक दिवस पोट रिकामं राहिलेलं बरं, हा सल्ला मामांचा, वार आईचा.

मे महिन्यात त्याला काही वाटत नसे, कोळंब्याच कासावीस होत. मग टेबलफॅन पाण्यावर रोखायचा आणि उडालेलं पाणी रोज भरायचं. पंख्याच्या चकचकीत जाळीत फौजदाराला दुसरा फौजदार दिसे. कल्ले फुलवून, झालरी ताणून तो त्याच्यावर धावे आणि शेवटी आपणच जिंकलो अशा समजुतीने पाठ फिरवी.

तिसऱ्या वर्षी त्याचा निळा रंग उतरला आणि दाणे नेम चुकून निसटू लागले. वर येताना दम लागतोसा दिसला, तेव्हा मामांनी पाण्याची पातळी चार बोटं खाली आणायला लावली आणि अनुबियास दगडासकट उचलून वर टेकवला. त्या पानावरून नाक हवेत काढायला त्याला जरासं सरकणं पुरे. असा तो पावसाळाभर राहिला. गणपतीनंतर गेला.

महिन्याभरात टाकी कोळंब्यांच्या पिल्लांनी भरली. आता भाच्याने केरळच्या नद्यांतला इंचभराचा पफर मासा शोधून काढलाय. मामांना तो पसंत आहे, पण तो गोगलगाईंवर जगतो आणि कोळंब्यांचेही लचके तोडतो, हे त्यांनी आईला प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आई म्हणाली, “माझ्या जवळ्याला हात लावायचा नाही. त्याला वेगळी टाकी घ्या.”