दोसुतीवरचा मोर, फाइलीतला मोर

माझ्या मावशीनं शाळेत बरीच वर्षं कार्यानुभव शिकवला. तिच्या चौकटीच्या वह्यांत दोसुतीवर भरायच्या नक्षी आहेत. पोपटांची जोडी, कोयऱ्या, तुळशीवृंदावन, टीव्हीच्या कव्हरवरचा हंस, आणि आमच्याकडच्या निम्म्या रुखवतांत मांडला गेलेला एक मोर. वहीत रंग नाहीत. प्रत्येक चौकटीत पेन्सिलीनं एक अक्षर आहे: ‘हि’, ‘ला’, ‘का’, ‘ज’. ‘हि’खाली रेघ असली तर गडद हिरवा. ‘ज’ म्हणजे जांभळा की जर, ते वही कोणती त्यावर ठरतं.

या पानांचे फोटो नात्यात केव्हापासूनच फिरत होते. चॅटच्या अ‍ॅपवरून फोटो साधा पाठवला की तो दाबून लहान होतो; पुढच्यानं पुढे ढकलला की बहुधा आणखी थोडा बिघडतो. मोर इंदूरला मामेबहिणीकडे पोचला तोवर त्याची रया गेली होती. तिचा फोन आला, “अगं, डोळ्याच्या कडेला ‘ला’ आहे का ‘का’?” लाल डोळ्याचा मोर कुणाच्या रुखवतात मांडायचा! मग वह्या नीट फायलींत उतरवायचं मी मनावर घेतलं.

वहीचं पान चांगल्या उजेडात स्कॅन केलं की झालं, असं घरात सगळ्यांचं मत. स्कॅन मी केलेही. जुनी वही म्हणून ते जपायलाच हवेत. पण त्यांवरून टाके मोजायचे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. त्यातून फाइल जेपेगमध्ये असली तर आणखी पंचाईत. जेपेग ही १९९२मध्ये प्रमाणित झालेली पद्धत फोटोंसाठी आहे. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देते. आकाश, चेहरा, साडीचा पोत यांना ते चालतं. नक्षीत चौकट एक तर भरलेली असते नाहीतर रिकामी, आणि नेमक्या त्या काठावर जेपेग करड्या रंगाचा भुगा सांडते. असं एक चित्र मी भरतकामाच्या सॉफ्टवेअरला दिलं, तर त्याला एका लालाचे कितीतरी लाल दिसले आणि प्रत्येकासाठी त्यानं वेगळा दोरा सुचवला.

म्हणून मोर पुन्हा काढला. एक चौकट म्हणजे संगणकावरचा एक ठिपका. मोर १२० चौकटी रुंद आणि ८४ उंच, म्हणजे १०,०८० ठिपके. पीएनजीमध्ये काहीही टाकून दिलं जात नाही, तरी ही फाइल काही किलोबाइटांचीच होते. मोठं करताना मात्र पूर्ण पटीतच करायचं, वीसपट म्हणजे वीसपट, आणि कडा मऊ करण्याची सोय बंद ठेवायची. ती चालू राहिली की सॉफ्टवेअर दोन रंगांच्या मध्ये तिसरा रंग स्वतःच्या मनानं घालतं.

पण एवढ्यानं टाके घालता येत नाहीत. गावात रंगीत छपाई महाग पडते, झेरॉक्स काळीपांढरी निघते, आणि झेरॉक्सवर लाल आणि हिरवा सारखेच काळपट. मावशीची अक्षरं इथे कामी आली. प्रत्येक रंगावर मी एक खूण ठेवली; ‘ला’ आणि ‘का’ ही जोडी मोडून काळ्याला भरीव चौकोन दिला. दर दहा चौकटींनी जाड रेघ, मध्य दाखवायला कडेला बाण. दोऱ्याचे नंबर खाली: अँकरचा काळा ४०३, डीएमसीचा ३१०. स्क्रीनवरचा हिरवा पाहून दोरा आणू नये, नंबर सांगून आणावा.

मग पीडीएफ. याआधी एका नातलगानं खुणांची यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून पाठवली होती. ज्यांच्याकडे तो फॉन्ट नव्हता त्यांना यादीत निव्वळ कचरा दिसला. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलीच्या आतच बसवता येतो. मावशीच्या नजरेला चौकट तीन मिलिमीटरांची हवी, म्हणजे मोर ३६० मिलिमीटर रुंद, आणि ए-फोर कागद २१०चा. दोन पानं केली. पहिल्या पानाच्या शेवटच्या तीन उभ्या ओळी दुसऱ्यावर फिकट करड्या रंगात पुन्हा घेतल्या, जोडताना चुकू नये म्हणून. कोपऱ्यात नेमकी ५० मिलिमीटरांची रेघ ओढली. छापल्यावर तिच्यावर पट्टी ठेवायची. कमी भरली तर प्रिंटरनं पान आक्रसलंय. तयार मोर केवढा होईल ते मात्र कापडावर ठरतं. इंचाला १४ चौकटींच्या कापडावर साडेआठ इंच, ११च्या कापडावर अकराच्या आसपास. आणि पाठवताना ‘फोटो’ म्हणून नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून.

पानाखाली मी मावशीचं नाव घातलं. ती म्हणाली, “माझं कसलं? मी मैत्रिणीच्या वहीतनं उतरवला, तिनं कुठल्याशा मासिकातनं.” बराच वाद झाला. शेवटी ‘वहीतून उतरवला’ एवढंच ठेवून तिचं नाव घातलं. मासिकाचं नाव तिला आठवत नाही, आणि मूळ कुणाचा हे ठाऊक नसताना विकायला ही फाइल द्यायची नाही, हे मात्र तिनं बजावलं.

पोपटांची फाइल गेली आणि दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, “उजव्याची चोच एक घर खाली हवी, वहीत तेव्हाच चुकली होती माझी.” आता प्रत्येक फाइलीच्या नावात आवृत्ती आणि तारीख असते. दुरुस्त पोपट पाठवला तेव्हा इंदूरहून उत्तर आलं की दोन्ही चोची भरून झाल्यात आणि आता ती उसवणार नाही.