पुठ्ठ्यावरचा डाग

सोमवारी क्लोज केलेला बग बुधवारी रिओपन होतो, शुक्रवारी पुन्हा क्लोज, आणि पुढच्या सोमवारी क्लायंटचा मेल : ‘सेम इश्यू.’ हिंजवडीत टेस्टिंगला बसून मी हा खेळ रोज बघते. पण 2025 च्या फेब्रुवारीत असाच एक बग थेट गावाकडून आला, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा तालुक्यातून. आमच्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळत होतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? कार असती तर सर्व्हिसिंगला टाकून मोकळं झालो असतो. ट्रॅक्टरचं तसं नसतं. आमच्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि हायड्रॉलिक, तिघांना मिळून ऑइल एकच. ते कमी झालं की लिफ्ट उचलत नाही, गिअर तापतात. त्यात आमचं मॉडेल जुनं, ब्रेक कोरडे. ब्रेकच्या बाजूचं सील गेलं की ऑइल सरळ लायनिंगवर. मग एक ब्रेक धरतो, दुसरा घसरतो. मागे हळदीने भरलेली ट्रॉली आणि ट्रॅक्टर एकीकडे ओढतोय, हे चित्र पुण्यात बसून डोळ्यांसमोर आणून बघा. माझी झोप उडाली होती.

मिस्त्रींनी सील बदललं. आठ दिवसांनी परत गळती. दुसरं सील, सोबत सिलिकॉन. पाच दिवस. तिसऱ्या वेळी भारीतलं सील आणलं, ते चार दिवस टिकलं! सील स्वस्त असतं हो, पण ते बसवायला चाक उतरवा, ब्रेक खोला, दिवस जातो. आणि हे सगळं ऐन हळदीच्या सीझनमध्ये. शिजवलेली हळद अंगणात वाळतेय, पॉलिशचा ढोल ट्रॅक्टरवरच फिरतो, मजूर ठरलेले.

‘अण्णा, कंपनीच्या वर्कशॉपला न्या ना,’ मी तिसऱ्यांदा फोनवर सांगितलं.

‘माय, पेरणीत रात्री अकराला बॅटरी घेऊन शेतात कोण येतंय? वर्कशॉपवाला?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिस्त्रींचं बिल हळद विकल्यावर देतात, हेही मला माहीत होतं. ईएमआय आणि क्रेडिट स्कोअरच्या जगात हे उधारखातं कुठे बसवायचं? मिस्त्री बदलणं म्हणजे नुसता मिस्त्री बदलणं नव्हे.

मग मी माझ्या धंद्यातलं शहाणपण वापरलं. म्हटलं, ‘मिस्त्री तेच राहू द्या. फक्त खाली पुठ्ठा टाका आणि कधी गळतं ते लिहून ठेवा.’ अण्णांच्या डायरीत मोटारीच्या लाइटच्या वेळा असतात, त्याखाली नोंदी सुरू झाल्या. ‘सकाळी पुठ्ठा कोरडा. ढोल दोन तास, कोरडा. चार तास, ओला. रात्रभर उभा, कोरडा.’ कुठल्याही ज्युनिअर टेस्टरने शिकावी अशी बग रिपोर्ट!

मिस्त्रींनी डायरी वाचली आणि सीलकडे पाहिलंसुद्धा नाही. सीटखाली हात घातला. गिअरबॉक्सवर बोटाएवढी एक टोपी असते, ब्रीदर. ऑइल तापलं की आतली हवा फुगते, ती इथून बाहेर पडते. आमच्या टोपीचं भोक ऑइल, चिखल आणि पॉलिशच्या पिवळ्या धुळीने गच्च बुजलेलं. हवेला वाट नाही, मग ती ऑइलला सर्वांत कच्च्या जागेतून ढकलणार. ती जागा म्हणजे सील. बिचाऱ्या सीलचा दोष एवढाच, की गळती तिथे दिसत होती. शिवाय जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर बारीक खाच पाडली होती. प्रत्येक नवं सील त्याच खाचेत बसत होतं. मिस्त्रींनी ब्रीदर डिझेलने धुतला, चौथं सील दोन मिलिमीटर आत सरकवून बसवलं, लायनिंग नवी टाकली.

याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याला, लायगो-इंडिया होतंय. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने त्याला सुमारे 2,600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत जवळजवळ पूर्ण निर्वात पोकळी. सुईच्या टोकाएवढी गळतीही तिथे शोधून काढावी लागते. हे मी अण्णांना सांगितलं, तर त्यांचा प्रश्न : ‘मंग त्यांचा मिस्त्री कोण हाय?’

मार्चअखेर हळद वसमतच्या बाजारात गेली. मी दिवसभर मीटिंगमध्ये फोन उलटा ठेवून बसले होते, दर पाच मिनिटांनी सरळ करत. संध्याकाळी अण्णांचा फोन आला. भाव मागच्यापेक्षा कमी लागला होता, त्यावर दहा मिनिटं गेली. ब्रेकचं मलाच विचारावं लागलं.

‘सरळ लागतोय की,’ ते म्हणाले. मिस्त्रींचे पैसे बाजारातून येतानाच देऊन आले होते, चारही सीलचे. मी म्हटलं, चारही कशाला? तर फोन आईकडे दिला.