आबांची रोजनिशी

आपल्या घरातील टीव्ही रात्री किती वाजेपर्यंत सुरू असतो, हा प्रश्न मी ज्येष्ठ रुग्णांना रक्तदाबाच्या चौकशीइतक्याच नेमाने विचारतो. माझा दवाखाना सातपूरला आहे. येणाऱ्यांत औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार आणि त्यांच्या पत्नी पुष्कळ. तीन पाळ्यांत आयुष्य काढलेल्या या मंडळींचे घड्याळ आता मालिकांवर चालते. गोळी किती वाजता घेतली हे सांगता येत नाही. ‘मालिका लागायच्या आधी’ एवढे मात्र पक्के सांगतात. यावरून त्यांना रागवावे असे मला कधी वाटले नाही. त्यांच्या इतक्या निकट जाऊन बसणाऱ्या या मालिकांत म्हातारा माणूस कसा लिहिला जातो, याकडे मात्र माझे लक्ष असते.

म्हणूनच दिलीप प्रभावळकर यांच्या कारकिर्दीविषयी मला विशेष आदर आहे. बहुतेकांना ते नट म्हणून ठाऊक आहेत. दूरदर्शनवरचे चिमणराव, ‘चौकट राजा’तला नंदू, ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी आपण विसरलेले नाही. परंतु १९४४ साली जन्मलेला, विज्ञान शिकलेला आणि औषधकंपनीत नोकरी केलेला हा गृहस्थ तेवढ्याच ताकदीचा लेखकही आहे. मुलांसाठी ‘बोक्या सातबंडे’, रंगभूमीसाठी ‘हसवा फसवी’ आणि ‘लोकसत्ता’तील ‘अनुदिनी’ हे सदर, अशी त्यांची लेखणी चालत राहिली. ‘अनुदिनी’ म्हणजे टिपरे कुटुंबाची रोजनिशी. तिच्यातूनच २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. आबा टिपरे स्वतः प्रभावळकरांनीच साकारले. त्या वेळी ते अवघे ५७ वर्षांचे होते, जवळजवळ माझ्याच आजच्या वयाचे!

आपण ती मालिका पाहिली असेल, तर आठवून पाहा. मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका आणि आबा. खून नाही, विषप्रयोग नाही. आबांना मते होती, राग येत होता, विनोद सुचत होते. घरात चाललेल्या गोष्टी ते पाहत आणि त्यांचा अर्थ लावत. वृद्ध माणसाला दयेचा विषय न करता घराचा साक्षीदार करणे, हे मला त्या लेखणीचे मोठे काम वाटते.

रोजच्या मालिकांचा लेखक अशी उसंत कुठून आणणार? कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे सतत डोक्यावर. प्रेक्षक उद्या परत यावा म्हणून भागाच्या शेवटी काहीतरी घडावेच लागते, आणि त्यासाठी आजोबांचे आजारपण फार स्वस्त पडते. आजोबा डाव्या हाताने छाती धरतात, डोळे फिरवतात, कोसळतात. मी त्या लेखकांना दोष देत नाही. पण हे दृश्य शेकडो वेळा पाहिलेला माणूस हृदयविकाराचा झटका असाच येतो असे धरून बसतो, हे मी जवळून पाहिले आहे.

लेथवर आयुष्य घालवलेले, १५ वर्षांचा मधुमेह असलेले एक गृहस्थ. एका संध्याकाळी त्यांना दरदरून घाम सुटला, जबडा जड झाला, दम लागला. पत्नी म्हणत होती, दवाखान्यात चला. “छातीत कुठे दुखतंय? गॅस असेल,” म्हणून ते रात्रभर घरीच राहिले. सकाळी काढलेल्या ईसीजीने झटका येऊन गेल्याचे सांगितले. तातडीने नाशिकला पाठवले म्हणून जीव वाचला, पण हृदयाची ताकद कायमची उणावली. वाचकहो, मधुमेहींना, वृद्धांना आणि स्त्रियांना झटका पुष्कळदा असाच येतो. छातीत कळ नसतेच, किंवा अगदी थोडी असते. अचानक घाम, धाप, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात वेदना, कमालीचा थकवा किंवा भोवळ, यांपैकी काही जाणवले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला दूरध्वनी करा.

त्या गृहस्थांच्या पत्नीला मी एक वही ठेवायला सांगितले. आबा टिपऱ्यांसारखी, असे म्हटल्यावर त्या हसल्या. मालिका त्यांना चांगली आठवत होती. दुबळ्या हृदयाच्या रुग्णाचे वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, नाश्त्यापूर्वी करावे. दोन-तीन दिवसांत ते दीड-दोन किलोंनी वाढले, तर बहुधा शरीरात पाणी साठते आहे, एवढे मी त्यांना समजावून दिले. वजन, पायांची सूज, रात्री किती उशा लागल्या, एवढेच लिहा, असे सांगितले होते. पण वही हाती आली की माणूस एवढ्यावर थांबत नाही.

मागच्या महिन्यात त्यांनी ती माझ्यापुढे उघडली. ‘मंगळवार. यांचे वजन ६१. सूनबाईने लोणचे वाढले, नको म्हणायला जीव होईना. बुधवार. वजन ६२. जिन्यात दोनदा थांबले, मला म्हणाले चपलेचा अंगठा तुटला. चप्पल मी पाहिली, धड आहे. गुरुवार. वजन ६३. उद्या डॉक्टरांकडे नेणार, भांडण झाले तरी.’

मी लघवीच्या गोळीची मात्रा वाढवली आणि लोणच्याची बरणी बंद करायला सांगितली. गृहस्थ चपलेकडे पाहत बसले होते.