तूर विकायच्या आधी घरची डाळ मोजा



तूर काढून झाली, पोती घरात आली. आता दोन-चार दिवसांत व्यापाऱ्याची गाडी गावात फिरायला लागेल. म्हणून आजची नोंद फवारणीची नाही, किराण्याची आहे. खर्च कमी करायचा म्हणलं की लोक दुकानाच्या यादीवर काट मारतात. आपली यादी मात्र खळ्यावरच सुरू होते.

आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात आता जिकडं बघाल तिकडं कपाशी आणि मका. खरिपाची ज्वारी क्वचितच दिसते. पैसा दिवाळीच्या पुढं येतो, देणेकऱ्यांत वाटला जातो, आणि पावसाळ्यात वाण्याच्या वहीत नाव चढायला लागतं. तूर पिकवणारा माणूस श्रावणात अर्धा-अर्धा किलो तूरडाळ उधार आणतो. सुट्या मालाला भाव जास्त, उधारीला तर त्याहून जास्त.

आमच्या घरी तीन वर्षांपासून आधी खायचं मोजतो, मग विकायचं. माणसं पाच. आई, आम्ही दोघं आणि दोन लेकरं. वरण-आमटीला रोज साधारण 200 ग्रॅम डाळ, म्हणजे महिन्याला 6 किलो, वर्षाला 70-72. तुरीची डाळ करताना शंभर किलोमागं 70 च्या आसपास डाळ निघते, बाकी चुनी म्हशीला. म्हणजे घरच्या वर्षाला एक क्विंटल तूर. तेवढी बाजूला ठेवायची, मग गाडीवाल्याशी बोलायचं. भाकरी-पोळीला दिवसाला दोन किलोच्या आत पीठ लागतं, म्हणून ज्वारी 4 क्विंटल, गहू 2, बाजरी 1.

आता हिशेब. 2025-26 ला तुरीचा हमीभाव 8000 होता, पण खळ्यावर येणारा हमीभावाच्या खालीच बोलतो. समजा 6800 ला मागितली, तर घरची डाळ किलोला 97 रुपयांना पडली. त्यावर भरडाई. दुकानाच्या भावात आणि त्यात किलोमागं 15-20 रुपये वाचले, तर वर्षाचे हजार-चौदाशे. फार मोठी रक्कम नाही, खरं आहे.

पण डाळीचा भाव दरवर्षी सारखा नसतो. 2015 च्या दुष्काळात ऑक्टोबर महिन्यात तूरडाळ किलोला 200 वर गेली होती. आणि 2016-17 ला तूर एवढी पिकली की हमीभाव 5050 असताना बाजारात त्याच्या खाली विकली, खरेदी केंद्रापुढं पोत्यांच्या रांगा लागल्या. भाव चढला तेव्हा आपण घेणारे, पडला तेव्हा आपण विकणारे. घरातली एक क्विंटल या दोन्हीतून बाहेर असते. फक्त अख्खी तूर ठेवू नका, भुंगा लवकर लागतो. उन्हात कडक वाळवून भरडून आणा. गावात डाळमिल नसेल तर जवळपास बघा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या मिनी डाळमिली बऱ्याच ठिकाणी झाल्यात.

गव्हाचं थोडं वेगळं. आपल्यासह 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2015 पासून 2 रुपयांनी गहू, 3 रुपयांनी तांदूळ मिळायचा. 2023 मध्ये त्याच्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यावर देणं सुरू झालं, पुढं 170 केले. धान्य डब्यात जायचं. पैसे खात्यात जातात आणि तिथून मोबाईलच्या रिचार्जला, मोटरसायकलच्या पेट्रोलला. आम्ही ते पैसे गव्हाच्या नावानं ठरवून टाकले. जमतील तेवढे राहू द्यायचे आणि गहू नवा निघतो तेव्हा, मार्च-एप्रिलला, दोन क्विंटल एकदम घ्यायचा.

राहिला आठवडी बाजार. इथं सगळी अक्कल घरच्या मालकिणीची. ती बाजाराच्या दिवसापासून आठवडा मोजते. पहिले दोन दिवस पालेभाजी, मेथी, शेपू, कारण ती आधी सडते. मधले दोन-तीन दिवस वांगी, गवार, दोडकं. शेवटचे दोन दिवस बाजाराची भाजीच नाही. पिठलं, मोड आलेली मटकी, सांडगे, नाहीतर येसराची आमटी. बांधावर तांदूळजा, घोळ असेल तर तेवढी एक भाजी यादीतून कमी. यादी लिहून पिशवीत, आणि यादीत नाही ते घ्यायचं नाही. आठवड्याला 900 लागायचे, आता 550 मध्ये भागतं. वर्षाचे 18 हजार झाले. पोरगी शहरात शिकती, तिच्या खोलीभाड्याला ते पैसे लागतात.

एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे. सांडगे, कुरडया, येसर हे फुकट होत नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात बायकांचे दिवस जातात त्यात. म्हणून आमच्याकडं वाळवणाच्या आठवड्यात बाईमाणसानं खुरपायला जायचं नाही असं ठरलंय. आईनं ठरवलंय, त्यामुळं कोणी मोडत नाही.

शेताची वही आपण सगळे ठेवतो. बियाणं, खत, मजुरी, भाडं. त्याच वहीच्या मागच्या पानावर एवढंच लिहा, घरात माणसं किती, वर्षाला डाळ किती, ज्वारी किती. हे पुरुषांना बहुतेक माहीत नसतं. चुलीपाशी विचारा, अर्ध्या मिनिटात आकडा मिळेल. आणि पुढच्या मृगात पेरायचं काय ते ठरवताना तो आकडा आधी वाचा. कपाशीच्या रानात तुरीच्या चार ओळी जास्त घालायच्या का, आणि रब्बीला अर्धा एकर ज्वारीला ठेवायचं का, हे त्या पानावरूनच कळतं.

गाडी यायच्या आधी मोजून घ्या. तुमच्या घरी वर्षाला किती डाळ लागती, तेही सांगा.