बुडणे आणि तारण

मराठीत होडी बुडते, बँक बुडते आणि घराण्याचे नावही बुडते, क्रियापद एकच. परत येईनासे झालेले कर्ज 'बुडीत', आणि ते बुडू नये म्हणून आधीच ठेवून घेतलेली वस्तू म्हणजे 'तारण'. पैशाची ही भाषा पाण्याकाठीच घडली असावी, असे आम्हांला लहानपणापासून वाटत आले आहे. हे वाटणे शास्त्रीय नव्हे. आम्ही मोरा बंदरात वाढलो, एवढेच त्याचे कारण.

पावसाळ्यात बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच बंद होई. मग कुणाची परीक्षा असो, की मुंबईच्या इस्पितळात कुणी शेवटच्या घटका मोजत असो. बावट्याशी कुणी हुज्जत घातल्याचे आम्हांला आठवत नाही. त्या आज्ञाधारकपणामागे १७ जुलै १९४७ चा दिवस उभा होता. त्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या आईला ती तारीख सांगता येत नसे. पण गटारी अमावास्येला तिने आम्हांला कधी पाण्यावर जाऊ दिले नाही.

आईच्या बोलण्यात 'जोखीम' म्हणजे धोका नव्हे. 'लाँचला गर्दी आहे, अंगावर जोखीम आहे,' असे ती म्हणे, तेव्हा तिचा हात गळ्यातल्या मण्यांवर असे. जपून न्यायची मौल्यवान वस्तू, हाही या शब्दाचा जुना अर्थ. आजच्या वित्तव्यवहारात जोखीम मोजतात, वाटून घेतात, विकतातही. ती कुणाच्या तरी गळ्यातले सोने असते, हे विसरण्याची सोय नव्या अर्थाने करून दिली आहे.

१९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले. ज्या घरांनी भात आणि मीठ पाहिले होते, त्यांच्या हाती रोकड आली. शेतीचे ज्ञान पिढ्यांनी दिले होते. रोकडीचे कुणीच दिले नव्हते. आईच्या माहेरच्या वाट्याचे दीड लाख रुपये आले, तेव्हा आम्ही पनवेलला शिकवत होतो. जवळची एक पतपेढी बँकेपेक्षा दोन टक्के व्याज अधिक देत होती. अर्ज आम्हीच भरला. अंगठा उठवण्यापूर्वी आईने विचारले, 'पण यांना विचारणारं कोण आहे?' आम्ही हसून म्हणालो, 'गावचीच माणसं आहेत, आई.'

चौथ्या वर्षी त्या पतपेढीचे दार उघडेनासे झाले. आईने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. तो दिला असता तर बरे झाले असते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढे शोधत राहिलो. पतपेढीला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तिथल्या ठेवीला ठेव विम्याचे छत्रही नसते. सहकारी बँकांना ते असते. पण १९६६ पासून त्यांच्यावर रिझर्व्ह बँक आणि सहकार खाते असा दुहेरी अंमल राहिला. देशात ठेव विमा १९६२ मध्ये आला. त्याची मर्यादा १९९३ पासून जवळजवळ २७ वर्षे एक लाखावर अडून होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना आरंभी हजारच रुपये काढण्याची मुभा मिळाली. त्यांचा आक्रोश झाल्यावर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ती मर्यादा पाच लाखांवर गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. वाढीव मर्यादेमागे आधीच्या ठेवीदारांचे अश्रू होते.

जगाची रीतही निराळी नाही. जहाजाच्या अंगावर भाररेषा आखलीच पाहिजे, हा ब्रिटनमधला कायदा १८७६ चा. त्याआधी अतिभाराने किती जहाजे तळाला गेली होती. १९७४ मध्ये कोलोनची हेरश्टाट बँक कोसळली, मग बाझल समिती जन्मली. तिने १९८८ मध्ये जोखीमभारित मालमत्तेच्या किमान आठ टक्के भांडवलाची अट घातली. बँकेची भाररेषाच ती. २००८ ने दाखवले की भार ताळेबंदाबाहेर ठेवला की रेषा कोरडीच दिसते.

तरी समुद्राचा बावटा वादळाआधी चढतो आणि पैशाचा बहुधा नंतर, ही आमची तक्रार दीर्घकाळ होती. आता तिची धार थोडी बोथट झाली आहे. बावट्याने वादळ येत नाही. बँकेच्या बाबतीत मात्र इशाराच वादळ आणू शकतो, कारण तो ऐकताच सारे एकदम ठेवी काढायला धावतात. नियामकाची ही अडचण खरी आहे. पण निर्बंध लागतात त्या क्षणी ठेवीदार बोटीतच कोंडलेला असतो, हेही तितकेच खरे.

उरलेली तक्रार आमची आमच्याशीच आहे. निवेदकावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे वर्गात विचारत आलो. कथेत काय सांगितले नाही तेही वाचा, असे विद्यार्थ्यांना बजावत आलो. त्या पावतीपुढे मात्र आम्ही भाबडे वाचक झालो. निरक्षर आईनेच ती नीट वाचली होती. आई आता नाही. ती पावती तिच्या पत्र्याच्या डब्यात, जिथे पूर्वी मणी असत, तिथे आम्ही ठेवली आहे.